‘एक्स पार्टी’ म्हणजे माजी पार्टी नव्हे

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत बोरीकाठच्या एका गावातले आबा माझ्या दुकानात आले. बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला आणि विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

कागद इंग्रजीत होता. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या थकबाकीवर लवादाने, म्हणजे कोर्टाबाहेर तंटा सोडवायला नेमलेल्या पंचाने, दिलेला निवाडा, व्याजासकट रक्कम भरा असं सांगणारा. निवाडा झाला त्या दिवशी आबा शेतात होते. बोलावणं आलं नव्हतं का, असं मी विचारलं तर त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. ती आधीची नोटीस होती. तिच्यात शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की आपण हजर न राहिल्यास प्रकरण ‘एक्स पार्टी’ चालवलं जाईल. ‘पार्टी’चं स्पेलिंग थेट वाढदिवसाच्या पार्टीचं, शेवटी वाय.

ही नोटीस घरात वाचली गेली होती, कोणी ती कोपऱ्यात टाकून दिली नव्हती. नातू बारावीला आहे, इंग्रजी बऱ्यापैकी वाचतो. त्याने शब्द लावून आजोबांना सांगितलं: एक्स म्हणजे माजी, जसं एक्स एमएलए, एक्स सर्व्हिसमन, पार्टी म्हणजे पक्षकार. ट्रॅक्टर तर आबांनी दोन वर्षांपूर्वीच पुतण्याच्या हवाली केला होता, पुढचे हप्ते त्याने भरायचे असं भाऊबंदकीत ठरलं होतं. म्हणजे आबा झाले माजी पार्टी, आता जे व्हायचं ते पुतण्याचं. घरात सगळ्यांना हे पटलं. तारखेला कोणी गेलं नाही.

मूळ शब्द ‘एक्स पार्टे’ असा आहे आणि तो लॅटिन आहे. त्यात एक्स म्हणजे ‘कडून’ आणि पार्टे म्हणजे ‘बाजू’. एकाच बाजूकडून ऐकून घेणं. मराठीत आपण त्याला एकतर्फी म्हणतो. हा शब्द आबांना येतो, नातवाला येतो, चुलीपुढे बसलेल्या आजीलाही येतो. नोटिशीत ‘एकतर्फी निकाल लागेल’ एवढं असतं, तर आबा त्या दिवशी मिळेल त्या एसटीने गेले असते.

अमळनेरच्या तहसील कचेरीपासून चार पावलांवर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, बायोडाटा, लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या पत्रिका, सत्काराच्या पाट्या, सगळं याच टेबलावरून जातं. इंग्रजीत मुरलेले लॅटिन शब्द चुकीचे लिहिलेले मी रोज बघतो. बऱ्याच वर्षं मी स्वतःही ते तसेच टाइप करून दिले. त्यामुळे या चुकांबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असं मी मानतो. माझं म्हणणं असं आहे की ही चूक करणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. ती चूक एक खबर देते: हा शब्द लिहिणाऱ्याला कळलेला नाही आणि वाचणाऱ्याला कळावा अशी कोणाची इच्छाही नाही. ज्या कागदावर कोणाची जमीन, कोणाचं कर्ज किंवा कोणाचं औषध ठरतं, त्या कागदावर असा शब्द असूच नये. आणि ज्याला तो वापरायचाच आहे, त्याने अर्थ समजून, अक्षर न् अक्षर बरोबर लिहावा.

चूक होते कशी, ते आधी सांगतो, कारण ती निष्काळजीपणातून होते असं सगळे समजतात. कचेरीच्या आवारात दिवसभर लोक ‘एक्सपार्टी झालं’, ‘एक्सपार्टी करून टाका’ असंच बोलतात. टाइप करणाऱ्याच्या कानावर तेच पडतं. शेवटच्या ‘ई’चा असा स्वच्छ उच्चार इंग्रजीच्या नेहमीच्या शब्दांत होत नाही, मग कान त्या आवाजासाठी ओळखीचा शब्द शोधतो. ओळखीचा शब्द आहे पार्टी. हापूस आंबा असाच झाला, पोर्तुगीज अफोन्सोचं नाव आपल्या जिभेने आपल्या सोयीने फिरवून घेतलं. फरक एवढाच की हापूस म्हणताना फळ समोर असतं, त्यामुळे अर्थ हरवत नाही. ‘एक्स पार्टे’ म्हणताना समोर काहीच नसतं.

सत्काराच्या पाट्यांचं उदाहरण घ्या. आमच्याकडे तिला सगळे ‘मोमेंटो’ म्हणतात. सरपंच म्हणतात, मुख्याध्यापक म्हणतात, काचेवर लेझरने नाव कोरून देणारा कारागीरही म्हणतो. इंग्रजीत लिहिताना एम नंतर ओ घालतात. खरा शब्द ‘मेमेंटो’, एम नंतर ई. मोमेंटो म्हणजे इटालियनमध्ये आणि स्पॅनिशमध्ये ‘क्षण’. मेमेंटो हे लॅटिनमधलं आज्ञार्थी क्रियापद आहे: ‘आठव’, ‘लक्षात ठेव’. हे मला कळलं त्या दिवशी मी दुकानातली एक जुनी पाटी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. निवृत्त होणाऱ्या एका शिक्षिकेसाठी केलेली आणि मग न्यायलाच कोणी आलं नाही अशी ती पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव, शाळेत रुजू झाल्याचं साल, निवृत्तीचं साल. त्या सगळ्याला मिळून एकच क्रियापद: आठव. मी तीसच्या वर संस्थांना तोवर ‘क्षण’ छापून दिला होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात झालं. साने गुरुजींनी जिथल्या शाळेत शिकवलं, त्या गावात मराठीचा एवढा मोठा सोहळा. त्या दिवसांत गावातल्या लहानमोठ्या मंडळांनीही आपापले सत्कार उरकून घेतले. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी एकच विनंती केली, पाटीवर ‘स्मृतिचिन्ह’ लिहू या. काहींनी ऐकलं. एका कार्यकर्त्याने मात्र स्पष्ट सांगितलं, "जिभाऊ, स्मृतिचिन्ह लिहिलं की वजन येत नाही." हे वाक्य मी विसरलेलो नाही. ज्या शब्दाचा अर्थ देणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, ज्याचं स्पेलिंगही चुकलेलं आहे, त्याला वजन आहे. आणि ज्याचा अर्थ पाचवीतलं पोर सांगेल त्याला नाही. इंग्रजीतही लॅटिनचं असंच आहे. चर्च, न्यायालय आणि वैद्यक, या तीन ठिकाणांहून ते शब्द आले. ही तिन्ही ठिकाणं सामान्य माणूस हात जोडून जिथे उभा राहतो अशी.

‘बोनाफाईड’ हा त्यातल्या त्यात आमच्या मुलांच्या सर्वाधिक वाट्याला येणारा शब्द. जून उजाडला की दुकानापुढे रांग लागते. शिष्यवृत्तीला बोनाफाईड, बसच्या पासला बोनाफाईड, वसतिगृहाला बोनाफाईड. अर्जांवर मी याची इतकी रूपं पाहिली आहेत: बोनाफाईट, बोनोफाईड, बोनाफाय. एका शाळेच्या रबरी शिक्क्यावर शेवट ‘फाइड’च्या स्पेलिंगऐवजी ‘सर्टिफाइड’सारखा, आय-ई-डी असा होता, आणि तो शिक्का कितीतरी वर्षं हजारो दाखल्यांवर उमटत राहिला. असं का झालं ते कळायला अवघड नाही. दाखला म्हणजे काहीतरी सर्टिफाइड, व्हेरिफाइड, तसंच हेही असणार. मुळात ‘बोना’ म्हणजे चांगला आणि ‘फिदे’ म्हणजे विश्वास, सद्भाव. चांगल्या विश्वासाने, खोटेपणा न करता. म्हणजे शाळा सांगते की हा विद्यार्थी खराच आमचा आहे. कोणत्याही मुलाला विचारा, बोनाफाईड म्हणजे काय? तो म्हणेल, क्लार्ककडून मिळतं ते. एवढा सुंदर अर्थ असलेला शब्द मुलाच्या हातात पंधरा वर्षं फिरतो आणि त्याचा अर्थ त्याला एकदाही कोणी सांगत नाही. शाळेने स्वतःच्या कागदावर शब्द वापरावा आणि शिकवू नये, हे मला खटकतं.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘व्हाइस व्हर्सा’च्या मध्ये लोक एक ‘ए’ घुसवतात, ‘व्हाइस ए व्हर्सा’. ‘एट सेटेरा’चं ‘एक्सेट्रा’ होतं, लिहिताना टी आणि सी यांची अदलाबदल होते. ‘पर से’ म्हणजे ‘मुळात, स्वतःपुरतं’; त्यातला ‘से’ आता इंग्रजीतल्या ‘म्हणणे’चा झाला आहे, आणि ही चूक खुद्द इंग्लंड-अमेरिकेतले लोक करतात. ‘मी या कॉलेजचा अल्युम्नी आहे’ असं बायोडाटात येतं. तो शब्द अनेकवचनी आहे, एकटा माणूस अल्युम्नस. ज्या धातूवरून तो आला त्याचा अर्थ ‘पोसणं’. माजी विद्यार्थी म्हणजे संस्थेने पोसलेला, हे आमच्या भागातल्या शिक्षणसंस्थांना आवडायला हवं. व्याजाच्या कागदांवर ‘पर ॲनम’मधला एक एन गळतो आणि अर्थ इतका वाईट होतो की तो इथे लिहीत नाही. त्याच जागी आपल्या गणिताच्या पुस्तकात काय होतं ते आठवा: द. सा. द. शे. दर साल दर शेकडा. चार अक्षरांत व्याजाचं सगळं गणित, आणि आठवीपर्यंत शिकलेल्या माणसालाही ते उलगडून सांगता येतं. पतपेढीच्या फलकावरून ते उतरवून त्याच्या जागी ‘पी. ए.’ कोणी आणलं आणि का आणलं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता कोणी म्हणेल, टायपिंगवाल्याला इंग्रजीचा राग आहे. तसं नाही. आपल्या घरात काय चाललंय तेही सांगतो. इंग्रजीचं लॅटिनशी जे नातं, तेच मराठीचं संस्कृतशी आहे, आणि चुका अगदी त्याच जातीच्या आहेत. बसस्थानकासमोर ‘अल्पोपहार’ अशी पाटी असते. उपहार म्हणजे भेटवस्तू. खायचा तो उपाहार, म्हणून अल्पोपाहार. ‘तज्ञ’ लिहितात, पण तत् आणि ज्ञ मिळून तज्ज्ञ होतो. ‘उज्ज्वल’मधला एक ज गेला, ‘आशीर्वाद’मधली दीर्घ वेलांटी गेली. मिरवणुकीच्या फलकावर ‘न भुतो न भविष्यती’ हमखास असतं, ते हवं ‘न भूतो न भविष्यति’. आणि लग्नपत्रिका. मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ लिहायचं, कारण तो शब्द सौभाग्यकांक्षिणी आहे, त्यातल्या कां वर अनुस्वार आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मजकुरात ‘का.’ असतं. अनुस्वार घातला तर लोक म्हणतात, भाऊ, टिंब चुकून पडलं का?

कारण तेच. शब्द तोंडात आहे, अर्थ हातात नाही. कां कशाचा हे माहीत असलेला माणूस टिंब विसरणार नाही. म्हणून चुकांवर उपाय लाल पेन नव्हे. मी दुकानात एक साधी गोष्ट सुरू केली: पत्रिकेचा मजकूर घ्यायला आलेल्या वधूपित्याला मी सौभाग्यकांक्षिणी हा पूर्ण शब्द कच्च्या कागदावर लिहून दाखवतो. त्यानंतर तो स्वतःच बोट ठेवून टिंब तपासतो, आणि धाकट्या मुलीच्या वेळी परत येतो तेव्हाही विसरलेला नसतो. शाळेत कोणी तरी हे केलं असतं तर मला करावं लागलं नसतं.

मराठीने या बाबतीत एक शहाणपणाचं काम पूर्वीच केलेलं आहे. संस्कृतातला ऱ्हस्व ‘कवि’ आपण १९६२ च्या लेखननियमांनुसार दीर्घ ‘कवी’ लिहितो, कारण मराठी माणूस शेवटचा इकार दीर्घच म्हणतो. तेव्हा परका शब्द आपला झाला की तो आपल्या नियमाने लिहायचा, हे आपण मान्य केलेलं आहे. म्हणजे ‘कसंही लिहा, काय फरक पडतो’ असंही नाही आणि ‘मुळात जसा आहे तसाच ठेवा’ असंही नाही. शब्द घरात आला आहे की अजून ओसरीवर उभा आहे, ते पाहायचं.

आणि लॅटिन तर आपल्या घरात फार पूर्वी आलं आहे. तुम्ही रोज दाराला लावता ती चावी पोर्तुगिजांकडून आली, तिचं मूळ लॅटिन क्लाविस. महिन्याला घेता तो पगार, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘शांत करणं’, देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत करणं. तुरुंग लॅटिन ट्रुंकुसवरून, म्हणजे झाडाचा बुंधा, ज्यात कैद्याचे पाय अडकवत. इस्पितळही त्याच वाटेने आलं. यातला एकही शब्द मुळाबरहुकूम नाही, तरी एकालाही कोणी चूक म्हणत नाही, आणि खानदेशातल्या कुठल्याही वाडीवरच्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. हे शब्द माणसांनी माणसांकडून तोंडाने घेतले. बाजारात घेतले, काम करता करता घेतले. ‘एक्स पार्टे’, ‘सुओ मोटू’, ‘ॲड हॉक’ हे कागदाने कागदाकडून घेतले. कागदाने घेतलेला शब्द कागदाबाहेर आला की पडतो.

फारसीचंही असंच झालं होतं. शिवाजी महाराजांनी दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश करून घेतला, हे आपण शाळेत शिकतो. आमच्या शेजारी धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली, त्यांनी जुन्या मराठी पत्रांतलं फारसीचं प्रमाण तपासून ते कसं ओसरत गेलं हे दाखवलं. तरीही अर्ज, वकील, जामीन, मुदत, तारीख, हरकत राहिलेच. कारण ते लोकांचे झाले होते. ‘फरियाद’ची फिर्याद झाली आणि कोणाचं काही अडलं नाही. वगैरे हा शब्दसुद्धा अरबीतून आलेला, अर्थ अगदी एट सेटेराचाच, ‘आणि बाकीचं’. आपल्याकडे बाकीचं सांगायला वगैरे आहे, इत्यादी आहे, तरी बायोडाटात चुकीच्या स्पेलिंगचं एट सेटेरा लागतं.

एक आक्षेप वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. वकील मंडळी म्हणतात, तुमचे मराठी पर्यायही कोणाला कळतात? ‘हेबियस कॉर्पस’ला ‘बंदी प्रत्यक्षीकरण’, ‘सब ज्युडिस’ला ‘न्यायप्रविष्ट’, ‘एक्स ग्रेशिया’ला ‘सानुग्रह अनुदान’. आबांना यातलं काय समजणार? हे खरं आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं, परिभाषेचे कोश झाले, त्या लोकांनी मेहनत केली, आणि ‘ॲड हॉक’ला ‘तदर्थ’ हा शब्द तर इतका चपखल आहे की लॅटिन आणि संस्कृत एकमेकांवर तंतोतंत बसतात: ‘यासाठी’, ‘त्यासाठी’. पण तदर्थ हा शब्द मला दुकानात कोणी वापरलेला आठवत नाही. लोक ‘तात्पुरता’ म्हणतात. सरकारी मराठीने पुष्कळदा एक बंद पेटी काढून तिथे दुसरी ठेवली. माझं मागणं संस्कृतसाठी नाही. ‘सानुग्रह’ नको, ‘मदत म्हणून’ लिहा, आणि हेही लिहा की ती हक्काची भरपाई नाही, कारण एक्स ग्रेशियाचा नेमका तोच अर्थ आहे: कृपा म्हणून. गारपिटीत केळीची बाग झोपलेल्या शेतकऱ्याला हा फरक माहीत असायला हवा. सरकारने ती रक्कम त्याचं देणं म्हणून दिली की कृपा म्हणून, यावर तो पुढे काय मागू शकतो ते ठरतं.

‘सुओ मोटू’चंही सांगून टाकतो. वर्तमानपत्रं ‘सुमोटो’ लिहितात, वकिलांच्या इंग्रजी अर्जांत शेवटी यू ऐवजी ओ असतो. अर्थ साधा, ‘आपण होऊन’. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणी अर्ज न करता, आपण होऊन दखल घेतली आणि १५ मार्चपासून दावे-अपिलांच्या मुदती वाढवल्या. टाळेबंदी सैल झाली तेव्हा लोक माझ्याकडे येऊन विचारत होते, सुमोटोचा फायदा आम्हाला मिळणार का, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे का? फॉर्म नव्हता. ‘आपण होऊन’ या दोन शब्दांतच उत्तर होतं, की तुम्ही काही मागायची गरज नाही. दोन शब्द कोणी लिहिले नाहीत म्हणून माणसं खेड्यांतून मोटारसायकलवर फेऱ्या मारत राहिली, त्या दिवसांत, तोंडाला रुमाल बांधून.

औषधाच्या चिठ्ठीबद्दल मी अधिक कळकळीने लिहितो, कारण ते माझ्या आईच्या बाबतीत घडलं. गुडघ्याच्या दुखण्यावर दिलेल्या चिठ्ठीत एका गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलं होतं. आम्ही भावंडांनी अर्थ घेतला तो बुडत्या जहाजाचा, म्हणजे ही गोळी अतितातडीची, चुकवायची नाही. दिवसातून तीन वेळा, सहा दिवस दिली. आईचं पोट जळायला लागलं, जेवण तुटलं. मग औषधाच्या दुकानातल्या ताईंनी चिठ्ठी बघून सांगितलं की ही गोळी फक्त लागली तरच घ्यायची. ‘सी ओपुस सिट’, लॅटिनमध्ये ‘गरज पडल्यास’. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, सगळी लॅटिनची आद्याक्षरं. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लिखाणात तीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठी वापरतात. २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने नियम केला की औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. नाव वाचता आलं, पण कधी घ्यायचं ते लॅटिनमध्येच राहिलं. आमच्या गावातले औषधवाले मात्र गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देतात, मध्ये उभी रेघ. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ते चुकत नाही. असोद्यात जन्मलेल्या आमच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांच्या शब्दांनी मराठीला नवं पाणी दिलं. अशा बायकांच्या प्रदेशात चंद्रसूर्याची ही चिठ्ठी मला सर्वांत सुसंस्कृत वाटते.

पुन्हा आबांच्या कागदाकडे येतो. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. जिल्हा आणि तालुक्याच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे. पण लवाद म्हणजे न्यायालय नव्हे. लवादाच्या १९९६ च्या कायद्यात, कलम २२ मध्ये, कामकाजाची भाषा पक्षकारांनी ठरवावी असं आहे. ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये ज्या छापील करारावर आबांनी दहा ठिकाणी सह्या केल्या, त्यात भाषा इंग्रजी असं आधीच छापलेलं होतं. म्हणजे कायद्याच्या लेखी ही भाषा त्यांनी निवडली. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेच्या संहितेत कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांना सांगितलेलं आहे की कर्जदाराशी होणारा सगळा व्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल अशा भाषेत व्हावा. नियम आहे. तो आबांच्या नोटिशीपर्यंत पोचला नाही, एवढंच. माझी मागणी नवा कायदा करण्याची नाही. तालुक्यातल्या ग्राहक पंचायतींनी, शेतकरी संघटनांनी, वकील संघांनी हा एक नियम धरून बसावं आणि इंग्रजीत आलेली प्रत्येक नोटीस ‘मराठीत पाठवा’ असा शेरा मारून परत पाठवायला लोकांना शिकवावं. मात्र शेरा मारला तरी तारखेला जायचंच, हे त्याच दमात सांगावं.

आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, एक शिस्त पाळावी. ज्या लॅटिन शब्दाचा अर्थ आपल्याला मराठीत एका वाक्यात सांगता येत नाही, तो टाइप करू नये. मी गेली चार वर्षं हे पाळतो आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘एक्सपार्टी’ टाका. मी विचारतो, म्हणजे काय? सांगता आलं तर पार्टे लिहितो, शेवटी ई. नाही सांगता आलं तर एकतर्फी लिहितो. अजून एकाही साहेबाने त्यावरून कागद परत केलेला नाही.

आबांचा निवाडा हातात पडून तीन महिने पुरे व्हायला अकरा दिवस उरले होते. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिन्यांची असते. त्या दिवशी मी दुसरं काम घेतलं नाही. जळगावच्या वकिलांना फोन लावून दिला, कागदांच्या झेरॉक्स काढल्या, नातवाला बोलावून घेतलं. तो पोरगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला सांगितलं की तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस, त्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

अर्जावर निकाल अजून झालेला नाही. मागच्या बुधवारी आबा परत आले, हातात नवा कागद, या वेळी पुतण्याच्या नावाचा, आणि तोही इंग्रजीत. त्यांनी शेवटच्या ओळींवर बोट फिरवत नेलं आणि एका शब्दावर थांबवलं. नातवाने घरीच त्या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला होता. "एकतर्फी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तारीख विचारली, मी सतरा सांगितली.

"मी जासू," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली.